गोधडी मशीनवर: सरळ रेषा नीट येते, वळणावर खालून लूप

नेरूळची गोधडी
घरगुती झिगझॅग मशीन आहे, बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची डबी) पुढून बसते. वर जुन्या सुती साडीचे तुकडे, मध्ये पातळ पॉलिस्टर वॅडिंग (मधलं भरण), खाली सुती अस्तर. वॉकिंग फूट (वरचा थरही सोबत सरकवणारा पाय) लावून सरळ रेषा मारली की टाका दोन्हीकडून स्वच्छ येतो. कापड सरकवणारे दाते खाली करून डार्निंग फूटवर (कापड हातानं हवं तसं फिरवू देणारा पाय) वेलबुट्टी काढायला घेतली की वळणांवर खालच्या बाजूला वरचा दोरा पापण्यांसारखा बाहेर येतो. सुरुवातीलाही खाली गुंता होतो. सुई १४ नंबर. वरचं टेन्शन (दोऱ्याचा ताण) ४ वरून ७ वर नेलं, तर दोरा तुटायला लागला. बॉबिन केसचा स्क्रू हलवलेला नाही. आधी कुठे हात घालू?

टाकाटीप
स्क्रू हलवला नाहीत ते फार बरं केलंत. टेन्शनही आधी ४ वर परत आणा. सरळ रेषेत टाका बरोबर बसतोय, म्हणजे वरचा आणि खालचा दोरा एकमेकांना तोलून आहेत. बिघाड फक्त वळणावर दिसतो, कारण तिथे हात सुईपेक्षा जास्त वेगानं फिरतो. टाका वर खेचून घट्ट व्हायच्या आत कापड पुढे सरकतं, सुई वाकते, खालचा दोरा जवळची वाट धरून सरळ पडतो आणि वरचा दोरा त्याच्याभोवती सैल लोंबतो.

हिशेब करून बघा. मशीन मिनिटाला ६०० टाके घालत असेल तर सेकंदाला १० झाले. २.५ मिमीचा टाका हवा असेल तर सेकंदात कापड २५ मिमी, म्हणजे साधारण एक इंच सरकायला हवं. वळणावर हात दोन इंच गेला की टाका ५ मिमीचा होतो आणि लूप सुटतो. म्हणून पायाचा वेग कायम ठेवा आणि वळण आलं की हात सावकाश करा. बहुतेक जण वळणावर पाय ढिला सोडतात आणि हात तसाच पळवतात, तिथेच गडबड होते.

सरावासाठी त्याच तीन थरांचा १० इंची चौकोन घ्या. नुसत्या दुहेरी कापडावर केलेली चाचणी गोधडीला लागू पडत नाही. वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावा, म्हणजे कुठला दोरा कुठे डोकावतो ते लगेच कळेल. दोन्ही दोऱ्यांची गाठ वॅडिंगच्या आत लपायला हवी.

शिवणवेडी ठाणे
सुरुवातीच्या गुंत्याचं कारण बहुधा वेगळं आहे. गोधडी जाड असते आणि डार्निंग फूट तसाही कापडापासून किंचित वर राहतो, त्यामुळे फूटची मागची दांडी खाली पाडायची राहून जाते. दांडी वर असली की दोरा दाबून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात आणि वरच्या दोऱ्याला पकडच उरत नाही. मग डायल कितीही फिरवा.

ओवताना मात्र दांडी वरच हवी, नाहीतर दोरा चकत्यांमध्ये शिरत नाही. ओवून झालं की दांडी खाली करून दोरा ओढा, लगेच जड लागायला हवा. मग चाक हातानं एकदा फिरवून खालचा दोरा कापडावर काढा आणि पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत दोन्ही टोकं धरून ठेवा.

खाडीकाठ
आपल्याकडची पावसाळी हवा विसरू नका. कापडाची लव आणि तेल मिळून चिकटा होतो आणि तो बॉबिन केसवर दोरा दाबणाऱ्या पट्टी स्प्रिंगखाली बसतो. जाड कागदाचा कोपरा पट्टीखालून सरकवून तो काढा. सुईनं खरवडू नका, ओरखडा उमटला की दोरा तिथेच अडकतो. चकत्यांमधून दांडी वर ठेवून सुती कापडाची पट्टी फिरवा, तेल अजिबात घालू नका. पट्टी स्प्रिंगवर गंज दिसला तर केसच बदला, दुकानात जाताना जुनी सोबत न्या.

मग बॉबिन घातलेली केस दोऱ्यानं लोंबकळत धरा आणि हलका झटका द्या. एक-दोन इंच घसरून थांबली तर ठीक. सरळ सुटत खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. दुरुस्ती मोठ्या स्क्रूनं करायची, लहान स्क्रू पट्टी धरून ठेवतो. एका वेळी घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो तेवढाच फिरवा. खाली वाटी ठेवा, स्क्रू निसटला तर सापडत नाही.

नेरूळची गोधडी
दांडी वरच राहत होती! टेन्शन ४ वर आणलं, हात सावकाश केला, आता पापण्या जवळजवळ गेल्या. केस दीड इंच घसरून थांबते. पण साडीच्या काठांचे तुकडे जोडले आहेत त्या जाड जागी टाके सुटतात आणि मधूनच दोरा तुटतो.

टाकाटीप
मग केसचा स्क्रू तसाच राहू द्या. काठाची वीण दाट असते, त्यात जोडाचे थर. तिथे १६ नंबरची नवी सुई घाला. लांब खाच ज्या बाजूला, त्याच बाजूनं ओवा, आणि सुई वर टेकेपर्यंत ढकलून मग सुईचा स्क्रू आवळा. साधारण आठ तासांच्या शिलाईनंतर बदला. दोरा कोनावरचा असेल तर कोन मशीनमागे उभा ठेवून दोरा सरळ वर चढेल असं करा, आडव्या खुंटीवर तो झटके देतो. इतकं करूनही तुटला तर टेन्शन ४ वरून साडेतीनवर आणून चौकोनावर पुन्हा बघा.