का मारलं असेल? (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचे तीन दिवस, टिळकवाडी, बेळगाव)

मंगळवार, ११ जुलै २०२३

सी-२०१ काकू, रात्री ८.४०
बातम्या बघायलेत का कुणी? बंगळूरला अमृतहळ्ळीत चारच्या सुमाराला ऑफिसात घुसून दोघांना मारलंय. एक कंपनीचे एमडी, एक सीईओ. मारणारा आधी त्यांच्याकडंच कामाला होता म्हणून सांगायलेत. आमचा धाकटा हेब्बाळला राहतोय, तिथनं जवळच. फोन लागला, बरा आहे. तरी माझ्या हाताची थरथर काही थांबेना.

बी-४०२, रात्री ८.५२
काकू, जपा. माझेही दोन मित्र त्या भागात आहेत. इंटरनेट कनेक्शन देणारी कंपनी आहे ती. कामावरून काढलं असणार आणि त्याआधी भरपूर छळलं असणार. उगीच कोण तलवार घेऊन जात नाही. पुण्यात मी दोन वर्षं असा साहेब सोसलाय. रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा यायचा. चारचौघांत फाईल अंगावर फेकायचा तो. मी काही केलं नाही, नोकरी सोडली. पण ती आग काय असते ते मला ठाऊक आहे.

बी-१०४ काका, रात्री ९.०५
म्हणजे जो मेला तोच गुन्हेगार? उद्यमबागेत तीस वर्षं फौंड्री चालवतोय मी. हाताला धरून मोल्डिंग शिकवावं, आणि त्यानंच बाहेर पडून माझ्याच गिऱ्हाइकाला किलोमागं दोन रुपये कमी दर द्यावा. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं ही. काढलं की मालक वाईट. त्या दोघांनी किती जणांची पोटं भरली असतील, ते कोण विचारत नाही.

डी-१०१ मावशी, रात्री ९.११
रील करून टाकायचा म्हणे तो पोरगा. सगळं त्या मोबाईलनं केलंय. डोकं ठिकाणावर कसं राहील?

सेक्रेटरी, रात्री ९.३०
आत्ता ज्यांनी ऑफिसातले फोटो टाकले त्यांना हात जोडून विनंती, काढून टाका. मी दोन डिलिट केलेत. आपल्या ग्रुपात शाळेतली मुलंही आहेत. बोलायचं तर बोला, पण तसले फोटो नकोत.

ए-३०२ वकीलताई, रात्री १०.२०
सेक्रेटरींचे आभार. मी मघापासून वाचतेय आणि गप्प बसवत नाही. खून होऊन सहा तास झालेत. तेवढ्यात आपल्या ग्रुपवर तीन कारणं ठरली. ज्याला साहेबानं छळलं त्याला छळ दिसला, ज्याला कामगारानं फसवलं त्याला बेइमानी दिसली, आणि मावशींना मोबाईल. रागावू नका, पण यात त्या ऑफिसातलं एकही नाही. सगळं आपापल्या घरातलं आहे.

हिरेकोडीच्या जैन मुनींच्या खुनाचं आठवा. गेल्या शनिवारीच रायबाग तालुक्यात खटकबावीच्या बोअरवेलमध्ये त्यांचा मृतदेह सापडला. त्या संध्याकाळी याच ग्रुपवर कुणी कुठल्या समाजाचं नाव घेतलं, मी पुन्हा लिहीत नाही. पोलिसांनी दोघांना पकडलं आणि पैशाच्या देण्याघेण्याचं कारण सांगितलं. नाव घेतलं त्यांतल्या एकानंही नंतर "चुकलं" म्हणून लिहिलं नाही.

बी-४०२, रात्री १०.३१
ताई, मान्य. पण कारण शोधायचंच नाही का? कारण न कळता माणसाला झोप तरी कशी लागेल?

बुधवार, १२ जुलै

बी-१०४ काका, दुपारी ३.१५
पकडला. तुमकूर जिल्ह्यात कुणिगलकडं. सगळं कबूल केलंय म्हणे. आता तर झालं?

ए-३०२ वकीलताई, सायंकाळी ६.४०
आत्ता कोर्टातून आले. काका, "कबूल केलं" हे बातमीतलं वाक्य आहे. भारतीय पुरावा कायद्याचं कलम २५ सांगतं की पोलिसांपुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. त्याच्या सांगण्यावरून हत्यार सापडलं तर त्याच्या सांगण्यातला तेवढा भाग कलम २७ खाली आत येतो. पण "मी अमक्या रागानं मारलं" हे पोलिसांनी सांगितलं म्हणून सिद्ध होत नाही.

आणि बी-४०२, तुझ्या कालच्या प्रश्नाबद्दल. कारण शोधायला हवंच. कलम ८ प्रमाणं हेतूचा पुरावा कोर्टात देता येतो. फक्त दोन गोष्टींत लोक गल्लत करतात. मारायचा इरादा वेगळा आणि मारावंसं का वाटलं तो हेतू वेगळा. डोळ्यांनी बघणारे भरवशाचे साक्षीदार असतील तर हेतू सापडला नाही म्हणून खटला पडत नाही. कुणीच बघितलेलं नसेल, सगळी साखळी परिस्थितीवरून जोडायची असेल, तिथं हेतूला वजन येतं.

बी-४०२, सायंकाळी ६.५५
पण समजा खरंच छळलं असेल. त्याचा काहीच विचार होणार नाही?

ए-३०२ वकीलताई, सायंकाळी ७.१०
नानावटी केस तुझ्या आजोबांना विचार, त्या पिढीला तोंडपाठ आहे. नौदलाच्या अधिकाऱ्यानं बायकोच्या प्रियकराला गोळी घातली होती. बायकोनं ते प्रकरण सांगितल्यापासून गोळी झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले, मध्ये तो जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेऊन आला. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, एवढ्या वेळात डोकं शांत व्हायला हवं होतं. गंभीर आणि आकस्मिक चिथावणी म्हणतात ती "आकस्मिक" असावी लागते. महिनोन् महिने साठलेला राग, मग हत्यार, मग साथीदार, हे त्यात बसत नाही. छळाला तक्रार आहे, कामगार खातं आहे, कोर्ट आहे. हे रस्ते खडबडीत आहेत, मला रोज दिसतं.

आणखी एक. मेलेल्या माणसावर केलेल्या आरोपानं त्याच्या घरच्यांचं मन दुखवायचा हेतू असेल तर तीही बदनामी होऊ शकते, भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९९ मध्येच लिहिलंय. "भरपूर छळलं असणार" हे वाक्य उद्या त्या दोघांच्या बायकामुलांनी वाचलं तर? त्यांच्या वतीनं बोलायला आता ते दोघं नाहीत.

बी-४०२, सायंकाळी ७.१४
ते वाक्य मी काढून टाकलं, ताई.

बी-१०४ काका, रात्री ८.०२
हरियाणात मानेसरला २०१२ मध्ये मोटार कारखान्यात काय झालं? एचआरचा मोठा अधिकारी आगीत गेला. तिथं तर शंका नव्हती ना कारणाची? मालक-कामगार वैर.

ए-३०२ वकीलताई, रात्री ८.३०
बरं झालं तो विषय काढलात. १४८ कामगारांवर खटला चालला. मार्च २०१७ मध्ये निकाल लागला. ११७ निर्दोष सुटले. ३१ दोषी ठरले, त्यांतल्या १३ जणांना खुनाबद्दल जन्मठेप. कारखान्यात वैर होतं हे खरंच होतं. पण "वैर होतं" म्हणून "यानंच मारलं" होत नाही. सुटलेल्यांतले कित्येकजण तोवर वर्षं वर्षं तुरुंगात काढून आले होते.

ए-३०२ वकीलताई, रात्री ९.१५
एक गोष्ट सांगते, एरवी मी घरीसुद्धा बोलत नाही. पंधराएक वर्षं झाली. बेळगाव तालुक्यातलंच एक गाव, नाव नको. गुऱ्हाळघराच्या मालकाला त्याच्याच गुळव्यानं, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कामगारानं, चुलवाणाजवळच्या लाकडानं डोक्यात मारलं. मालक दवाखान्यात नेईपर्यंत गेला. मी आरोपीकडून उभी होते.

गावात त्या रात्रीच कारण ठरलं होतं. गुळव्याची बायको मालकाच्या घरी धुणंभांडी करायची, म्हणून तसलंच काहीतरी असणार. पारावर तेच, बाजाराच्या दिवशी बसमध्ये तेच. माझ्याकडं आलेला तिचा दीरसुद्धा खाली मान घालून तेच म्हणाला. मीही, खोटं कशाला बोलू, आधी तेच धरून चालले होते. बचावाला बरं पडेल असं वाटलं.

साक्षीपुरावा सुरू झाला आणि वहीचं पान निघालं. हंगामाच्या सुरुवातीला घेतलेली उचल आणि त्यातून कापलेली मजुरी. मालक म्हणायचा अजून चार हजार फिटायचे आहेत, गुळव्या म्हणायचा फिटले. त्या सकाळी मालकानं सगळ्या माणसांसमोर त्याला "चोर" म्हटलं आणि त्याच्या म्हाताऱ्या बापालाही बोलला. दोघांच्या मध्ये बाई कुठंच नव्हती. साक्षीला आलेल्या एकानंही शपथेवर तिचं नाव काढलं नाही. पारावर सगळ्यांनी काढलं होतं.

गुळव्याला शिक्षा झाली, ती व्हायचीच होती. पण त्या बाईला सासरच्यांनी पहिल्या आठवड्यातच दोन पोरांसकट बाहेर काढलं होतं. निकालाची प्रत घेऊन मी तिच्या माहेरी गेले. "बघ, यात तुझं नाव कुठंच नाही," म्हणून सांगितलं. तिनं कागद हातात घेतला, वाचता येत नव्हतं, आणि म्हणाली, "हे गावाला वाचून दाखवशीला का, बाई?" मी दाखवला नाही. कुणाला दाखवणार होते?

कारण ठरवायची घाई झालेली दिसली की मला ती आठवते.

सी-२०१ काकू, रात्री ९.४०
ताई, वाचून बसूनच राहिले. माझ्या लेकाला मी काल पहिलं काय विचारलं असेल? "तुझा साहेब कसा आहे?" तो म्हणाला, "आई, चांगला आहे गं. पण आज मॅनेजरलाच भ्या वाटलं म्हणून ऑफिसचं दार आतनं लावून बसलो होतो सगळे." दोन्हीकडच्या माणसांना भ्या. शनिवारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघतोय, रविवारी सकाळी इथं. डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझं समाधान व्हायचं नाही.

गुरुवार, १३ जुलै

बी-४०२, सकाळी ८.०५
पेपर बघितला का? त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीच्या मालकालाही अटक झालीय. धंद्यातल्या चुरशीतून त्यानंच मारायला लावलं असा पोलिसांना संशय. आणि ज्यानं मारलं तोही नोकरी सोडून स्वतःचा तोच धंदा करत होता म्हणे. मंगळवारी रात्री मी काय काय लिहीत होतो.

डी-१०१ मावशी, सकाळी ८.२०
म्हणजे मोबाईल नव्हे तर.

ए-३०२ वकीलताई, सकाळी ८.४५
थांबा. आता सगळ्यांनी तिकडं पळायचं नाही. हाही अजून आरोपच आहे. कट असेल तर दंडसंहितेचं कलम १२०-ब लागेल, चिथावलं असेल तर १०९, आणि ते पुराव्यानं दाखवावं लागेल. आरोपपत्राला नव्वद दिवसांची मुदत असते, नाहीतर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. एक मात्र यातून दिसतं. मारणाऱ्याचं कारण एक आणि मारायला लावणाऱ्याचं दुसरंच असू शकतं. एकाच्या मनातला जुना राग दुसऱ्याला स्वस्तात वापरता येतो. असं खरंच झालं असेल, तर "कामावरून काढलं म्हणून मारलं" हे पूर्ण खोटंही नाही आणि पूर्ण खरंही नाही.

बी-१०४ काका, सकाळी ९.३०
वकीलताई, तुम्ही त्या गुळव्याचं लिहिलं तेव्हापासून मी काल जेवलो नाही नीट. "सगळ्या माणसांसमोर" या दोन शब्दांशी अडकलो.

२०२१ मध्ये मी एका मोल्डरला, साचे करणाऱ्या कामगाराला, काढलं. सात वर्षं होता माझ्याकडं. कास्टिंग फुकट गेलं, नुकसान मोठं होतं, चूक त्याचीच होती हे आजही म्हणेन. पण मी सगळ्या शिफ्टसमोर त्याला काय काय बोललो ते मला इथं लिहवणार नाही. आणि त्याचा हिशेब अडवून ठेवला. ये आणि माफी माग, मग देतो, म्हणालो. तो आला नाही. आता आरपीडी क्रॉसला दिसतो, मान फिरवून जातो. मला भ्या वाटतंय म्हणून लिहीत नाही हे. तो गरीब माणूस आहे, कुणाच्या अंगावर जाणारा नव्हे. पण त्याचे पैसे माझ्याकडं आहेत. कायदा काय सांगतो तेवढं सांगा.

ए-३०२ वकीलताई, सकाळी ९.५०
काका, कामावरून काढलं की राहिलेला पगार दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत द्यायचा असतो, वेतन कायदा १९३६. कामगार म्हणून वर्षभर काम झालेलं असेल आणि शिस्तभंगाची रीतसर चौकशी न करता काढलं असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार, हाही प्रश्न येतो. आणि पाच वर्षं झाली असली की ग्रॅच्युइटी. ती देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची, उशिरावर व्याज. मूळ पगार आणि महागाईभत्ता मिळून किती होता शेवटी?

बी-१०४ काका, सकाळी ९.५४
अठरा हजार.

ए-३०२ वकीलताई, सकाळी १०.०१
१८,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ७ वर्षं. ७२,६९२ रुपये नुसती ग्रॅच्युइटी. त्यावर दोन वर्षांचं व्याज. राहिलेला पगार आणि बाकीचं वेगळं. संध्याकाळी मस्टर आणि पगाराची पानं घेऊन वर या, मी मांडून देते. फी नको.

बी-१०४ काका, सकाळी १०.२०
येतो. तो मोल्डर आणि घरचे अनगोळला राहतात. मी एकटा गेलो तर दार उघडणार नाहीत. बी-४०२, तू येशील काय रे बरोबर? तुला साहेबांचा राग आहे, पण तू असलास तर मला नीट बोलायला जमेल.

बी-४०२, सकाळी १०.२३
येतो काका. शनिवारी साडेनऊला गेटपाशी उभा असतो.