कॅनव्हासवर शकुंतला लांबुडकी का होतेय?

टिळकवाडी_टूबी: ‘शाकुंतला’तला प्रसंग घेतलाय, पायात दर्भ रुतल्याचं निमित्त करून ती मागं वळून बघते तो. एफोर कागदावर पेन्सिलचं कच्चं रेखाटन झालंय. कॅनव्हास उभा, २४ × ३६ इंच. दोन्हीवर ६ × ९ घरं पाडून उतरवलं तर बाई लांबुडकी दिसते, आणि आता पडेल असंही वाटतं.

खानापूर_रंगपेटी: घरं मोजून सारखी आली, पण चौकोनी कुठं आहेत ओ? एफोर २१ × २९.७ सेंमी, म्हणजे उंची रुंदीच्या १.४१ पट. कॅनव्हास दीडपट. उंची सहा टक्के ताणली जाते, चेहऱ्यावर ते लगेच कळतं. कागदाच्या रुंदीतनं १.२ सेंमी सोडून द्या, १९.८ राहते. त्यावर ३.३ सेंमीची घरं आखा, कॅनव्हासवर ४ इंचाची. जमलं.

शहापूर_रेघ: पडण्याचं कारण वेगळं. गळ्याच्या खळगीतनं ओळंबा, म्हणजे सरळ खाली उभी रेघ, सोडून बघा: टेकलेल्या पायाच्या घोट्याजवळ यायला पाहिजे. रविवर्म्याच्या चित्रात ती सखीच्या खांद्यावर हात टेकते, तिथं रेघ थोडी बाहेर गेली तरी चालतं. तुमची एकटी असेल तर नाही. ज्या पायावर भार तिकडची कंबर वर, खांदा खाली. आधी अंग काढा, कपडा मागनं.

कपडाही आधीच ठरवा. रविवर्म्यानं साडी नेसवली, नाटकात वल्कल आहे. दुसऱ्या अंकात दुष्यंत विदूषकाला सांगतो ते वाचा: वल्कल फांदीत अडकलेलं नसतानाही ती ते सोडवत होती. म्हणजे हातालाही काम मिळालं! वेदना मात्र दाखवू नका, सगळं नाटक आहे. पाय सैल, नजर मागं. साडीच करणार असाल तर घड्यांच्या अभ्यासाला धुतलेली सुती घ्या. नव्या कोऱ्या साडीच्या खळीमुळं घड्या कागदासारख्या मोडतात.

टिळकवाडी_टूबी: उतरवायला टूबी पेन्सिलच वापरू? रंग तेलाचे.

खानापूर_रंगपेटी: नको. मऊ शिसं तेलात सुटतं, अंगाचा फिकट रंग राखाडी होतो. एचबीनं हलकं काढा, दाबू नका. मग बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून बारीक ब्रशनं मुख्य रेघा पक्क्या करा, वाळल्यावर पेन्सिल मऊ खोडरबरनं उचला. आणि आपल्याकडच्या पावसात कागद फुगतो, तेव्हा घरं आखणं आणि उतरवणं एकाच दिवशी उरका. मध्ये चार दिवस गेले तर माप परत तपासा.