मदत हवी आहे: जॅझमध्ये सोलो सुरू झाला की मी हरवतो, सम शोधायची कुठे?

चुकलेली_सम

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकतो.

मी कीबोर्ड वाजवतो, सात-आठ वर्षं झाली. त्याआधी लहानपणी पेटी शिकलोय, त्यामुळे कोणी गायला लागलं की पट्टी पटकन सापडते आणि साथ बऱ्यापैकी जमते. दीड वर्षापूर्वी जॅझचा नाद लागला आणि तेव्हापासून आपल्याला काही येतं हा भ्रमच गेला.

प्रॉब्लेम असा आहे की मूळ धून वाजते तोपर्यंत सगळं कळतं, मान डोलते, पाय हलतो. एकदा सोलो (एकेकाचं मनाने रचत वाजवणं) सुरू झाला की पंधरा-वीस सेकंदांत माझा पत्ता कट. कुठला बार (चार मात्रांचा तुकडा) चालूय, कॉर्ड (एकत्र दाबायचे स्वर) कधी बदलणार, कायपण कळत नाही, आणि बाकीचे सगळे कसलीही खाणाखूण न करता बरोब्बर एकत्र बदलतात. हे कसं करतात??

कोणीतरी सांगितलं ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'सो व्हॉट'पासून सुरू कर, दोनच तर कॉर्ड आहेत. म्हटलं चला, दोन तर दोन. तर मागच्या महिन्यात एका जॅमला (सगळे जमून आयत्या वेळी वाजवतात ती बैठक) हिंमत करून तेच वाजवायला बसलो. सॅक्सवाला रंगात आला, मी आपला त्याच्याकडे बघत साथ करतोय, तो वर चढला तसं मला वाटलं आलाच ब्रिज, म्हणजे धुनीचा मधला वेगळा भाग, आणि मी दिली सगळी कॉर्ड अर्धा स्वर वर ढकलून. आख्ख्या बँडमध्ये एकटा मी वर. बेसवाल्याने नुसती मान हलवली, नाही म्हणून. मग मी खाली आलो आणि थोड्या वेळाने सगळे वर गेले. त्यानंतर हात मांडीवरच होते.

भिंतीवर मोड्सचा (स्केलच्या प्रकारांचा) तक्ता लावलाय, डोरियन मिक्सोलिडियन सगळं पाठ आहे, उपयोग शून्य. डाव्या हाताने काय वाजवायचं हाही घोळच आहे, मी मूळ स्वर धरून पूर्ण कॉर्ड दाबतो आणि ते चिखल झाल्यासारखं ऐकू येतं. आधी थिअरी पक्की करू का नुसतं ऐकत राहू? कोणीतरी मार्ग दाखवा प्लीज.

बाराही_पट्ट्या

दोन कॉर्डवर अडकून पडू नका. टू-फाइव्ह-वन (जॅझमध्ये सारखा येणारा तीन कॉर्डचा क्रम) बाराही पट्ट्यांत बसवा, मग फाइव्हवर ऑल्टर्ड स्केल, मग ट्रायटोन सबस्टिट्यूशन म्हणजे जी सेव्हनच्या जागी डी फ्लॅट सेव्हन. मेलोडिक मायनरचे सगळे मोड्स केलेत का? ते नसतील तर पुढचं काहीच नीट बसणार नाही. साधारण सहा महिने रोज दोन तास.

खर्जातला

वरच्यांनी सांगितलेलं चूक नाहीये पण माणूस विहिरीत पडलाय आणि तुम्ही त्याला बटरफ्लाय स्ट्रोक शिकवताय :)

धागाकर्ते, मी बेस वाजवतो, त्यामुळे ती मान हलवणं मी पण बऱ्याच जणांकडे बघून केलंय. मनावर घेऊ नका, मारामारी नसते ती, फक्त 'अजून नाही' एवढंच.

तुमच्या पोस्टमधलं एकच वाक्य महत्त्वाचं आहे: 'मी आपला त्याच्याकडे बघत साथ करतोय'. घोळ तिथेच आहे. पेटीची साथ करताना आपण गाणाऱ्याच्या मागे जातो, तो जाईल तिथे अर्ध्या पावलाने आपण, आणि तीच सवय इथे तुम्हाला बुडवते. जॅझमध्ये सोलो घेणाऱ्याच्या मागे कोणी जात नाही. तो आणि तुम्ही दोघं एकाच आवर्तनावर उभे असता, आणि तो मुद्दामच आवर्तनाच्या कडा पुसत जातो, वाक्य ब्रिजच्या आधी सुरू करतो आणि ब्रिजमध्ये जाऊन संपवतो. त्याच्याकडे बघून ब्रिज कसा कळेल?

तबल्याच्या सोलोला कधी लेहरा, म्हणजे आवर्तनभर फिरत राहणारी तीच ती धून, धरलाय का? पेटी शिकलात म्हणजे धरलाच असेल. तबलजी काय वाट्टेल ते करू दे, तुमचा लेहरा फिरत राहतो. जॅझमध्येही लेहरा असतोच, फक्त तो कोणी वाजवत नाही, प्रत्येकाच्या डोक्यात चालू असतो. मूळ धून हाच तो लेहरा. म्हणून खाणाखुणा लागत नाहीत.

आता 'सो व्हॉट'चं गणित. ८ बार डी डोरियन, परत तेच ८, मग ८ बार सगळं अर्धा स्वर वर म्हणजे ई फ्लॅट, हा झाला ब्रिज, मग ८ बार परत खाली. एकूण ३२ बार, बारला ४ मात्रा, म्हणजे १२८ मात्रांचं आवर्तन. पहिल्या आवर्तनात ब्रिज १६ बारांनंतर येतो. पण पुढच्या वेळी? आधीच्या आवर्तनाचे शेवटचे ८ आणि नवीन आवर्तनाचे पहिले १६, म्हणजे सलग २४ बार एकच कॉर्ड! लोक सोपं म्हणतात ते बोटांसाठी. मोजायला हे मैदान आहे मैदान, कुठे झाड नाही का खांब नाही. तुमचा ब्रिज लवकर आला तो बहुतेक या २४ मध्येच.

करायचं काय तर बोटांच्या पेरांवर मोजा, तालाचं मोजतो तसंच. 'एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार', दर बारच्या पहिल्या मात्रेला बारचा नंबर. आठ झाले की एक बोट पुढे. चार बोटं, एक आवर्तन, आणि तिसरं बोट कायम ब्रिजचं. पंधरा दिवस कीबोर्डला हात न लावता एवढंच करा.

चुकलेली_सम

लेहरा!! अहो हे आधी कोणीच का नाही सांगितलं. लेहरा तासनतास धरलाय, तेव्हा कधी सम सुटली नाही. सलग २४ बार हे तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्रीपासून पेरं.

कानसेन

मी वाजवत नाही, फक्त ऐकतो, आणि हरवायचा त्रास ऐकणाऱ्यालाही होतोच, फक्त आमची फजिती कोणाला दिसत नाही. माझे दोन आणे.

माइल्सची रेकॉर्ड 'काइंड ऑफ ब्लू' १९५९ ची, तीत 'सो व्हॉट' पहिलंच. साधारण दीड मिनिटापर्यंत धून चालते, बेस विचारतो आणि बाकीचे दोन स्वरांचं उत्तर देतात, आणि मग ड्रमर जिमी कॉब झांजेवर एक जोरदार वाजवतो आणि तिची आस विरायच्या आत माइल्सचा ट्रंपेट सुरू होतो. ती झांज म्हणजे तुमची सम. तिथून मोजायला लागा. माइल्सची दोन आवर्तनं आहेत, एका आवर्तनाला मिनिटापेक्षा थोडासा कमी वेळ लागतो. मोजताना मोठ्याने मूळ धून गुणगुणा, सोलोच्या अंगावरून गेली तरी चालेल, कानाला विचित्र वाटतं पण दोन-तीनदा केलं की सोलो आणि धून एकमेकांत बसलेले ऐकू यायला लागतात आणि ती मजा काही औरच.

आणि मैदानात मोजायचा कंटाळा आला तर त्याच रेकॉर्डमधलं दुसरं, 'फ्रेडी फ्रीलोडर'. १२ बारचा ब्लूज आहे, आवर्तन छोटं, आणि दर थोड्या वेळाने कॉर्ड बदलते त्यामुळे खांब भरपूर. या एकाच गाण्याला पियानोवर बिल इव्हान्स नाहीये, विंटन केली आहे, आणि पहिला सोलो त्याचाच. तुम्ही कीबोर्डवाले म्हणून मुद्दाम सांगतो, केलीचा डावा हात ऐका. किती कमी वाजतो ते बघा.

काळी_चार

डाव्या हाताबद्दल मी लिहिते, कारण तो चिखल मी पण दोन वर्षं केलाय.

मूळ स्वर सोडा. खरंच सोडा. तो बेसवाल्याचा प्रांत आहे (खर्जातला, बरोबर ना?). पंचमाचीही बहुतेक वेळा गरज नसते. कॉर्डचा तिसरा आणि सातवा एवढे दोनच स्वर ठेवा, मेजर का मायनर का डॉमिनंट ते या दोघांवरूनच कळतं.

पेटीवाल्यांसाठी सरगममध्ये सांगते, सी ला सा धरा. डी मायनर सेव्हन म्हणजे म आणि सा. जी सेव्हन म्हणजे म आणि नी. सी मेजर सेव्हन म्हणजे ग आणि नी. आता वाजवून बघा: म-सा, म-नी, ग-नी. आधी नुसता सा एक पट्टी (कीबोर्डची लगतची, काळी असो का पांढरी) खाली आला, मग नुसता म एक पट्टी खाली आला. लोक ज्याला टू-फाइव्ह-वन टू-फाइव्ह-वन करून घाबरवतात ते हातात एवढंच आहे. मला हे कळलं त्या दिवशी अर्धा तास मी हेच वाजवत बसले होते, घरचे वैतागले.

ब्लूजला तर अजून मजा. सी सेव्हन म्हणजे ग आणि कोमल नी. दोन्ही बोटं एक एक पट्टी खाली सरकवा, कोमल ग आणि ध, झाला एफ सेव्हन. परत ग-कोमल नी वर या आणि आता एक एक पट्टी वर जा, म आणि शुद्ध नी, झाला जी सेव्हन. म्हणजे आख्खा ब्लूज जागेवरच, एक पट्टी खाली नाहीतर एक पट्टी वर. ४ बार सी, २ बार एफ, २ बार सी, मग एक जी, एक एफ, आणि शेवटचे २ सी.

वर उजव्या हाताने ड्यूक एलिंग्टनचं 'सी जॅम ब्लूज' वाजवा. धून किती स्वरांची आहे माहितीये? दोन. प आणि सा. बस्स. एवढ्यावर एलिंग्टनच्या बँडने काय उभं केलंय ते ऐका, म्हणजे मोड्सचा तक्ता भिंतीवरून काढावासा वाटेल. (काढू नका, नंतर लागेल.)

आणि हो, मेट्रोनोमचा टिक एक आणि तीनवर न धरता दोन आणि चारवर धरा, ड्रमरचा हाय-हॅट (पायाने वाजणारी झांज) तिथेच पडतो. ज्या स्पीडला वाजवायचं त्याच्या निम्म्यावर लावायचा आणि प्रत्येक टिक दोन नाहीतर चार आहे असं समजायचं. पहिले दोन दिवस टिक सारखा एकवर येऊन बसतो, चिडायचं नाही.

बाराही_पट्ट्या

ठीक आहे, पोहणं आधी :) पण सूर कानाने उचलायचं कोणीच बोललं नाही, तेवढं सांगतो. माइल्सच्या सोलोच्या पहिल्या आठ बारांपासून करा. यूट्यूबवर स्पीड पाऊण करा, आधी गाऊन म्हणता आलं पाहिजे, श्वास कुठे घेतो त्यासकट, मगच कीबोर्डवर शोधा. लिहून काढलेलं नोटेशन डाउनलोड करून वाजवू नका, त्यात स्वर सापडतात, पण झुलणं सापडत नाही. स्विंग म्हणजे लांब-आखूड लांब-आखूड असं पुस्तकात असतं पण लय जलद झाली की ते जवळजवळ सारखं होत जातं, हे कागदावर कसं कळणार. हे मी स्वतः उशिरा शिकलो.

खर्जातला

हे मात्र एक नंबर. आणि काळी_चार, मूळ स्वर आमचाच, धन्यवाद _/\_

धागाकर्ते, मांडीवर हात घेऊन बसलात त्याबद्दल एक सांगायचं राहिलं. १९५९ मध्येच सॅक्सवाल्या जॉन कोल्ट्रेनने ('सो व्हॉट'मध्येही तो आहे) 'जायंट स्टेप्स' रेकॉर्ड केलं, प्रचंड जलद आणि तीन पट्ट्यांमधून गरागरा फिरणारं. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, म्हणजे साधासुधा माणूस नव्हे. त्याचा सोलो ऐका, सुरुवात ओळीने करतो, मग ओळ तुटायला लागते आणि शेवटी नुसत्या कॉर्ड्सवर येतो. जगभर विकली गेलेली रेकॉर्ड आहे, तुमच्या जॅमला किती लोक होते? पुढे १९८२ मध्ये त्याच फ्लॅनगनने त्याच धुनीच्या नावाने स्वतःचा अल्बम केला आणि ती परत वाजवली. दोन्ही एकामागोमाग ऐका.

चुकलेली_सम

अपडेट द्यायला आलोय, सोळा दिवस झाले.

फ्लॅनगन ऐकला, तीनदा. बरं वाटलं आणि वाईट वाटलं, दोन्ही.

पेरं मोजणं सुरू आहे, चालता चालता सुद्धा. पहिल्या आठवड्यात माइल्सच्या दुसऱ्या ब्रिजला कायम एक-दोन बार पुढे-मागे व्हायचो. मग कानसेन म्हणाले तसं धून गुणगुणत ऐकलं आणि मंगळवारी काहीतरी झालं, मी मोजत नव्हतो, भांडी घासत होतो, आणि ब्रिज यायच्या अर्धा सेकंद आधी मला कळलं की आता येणार. आला! साबणाच्या हातानेच परत लावलं. परत आला. कोल्ट्रेनची दोन आवर्तनं जमली, दुसरा सॅक्सवाला कॅननबॉल ॲडर्ली, त्याची दोन जमली, मधेच तो किती वळणं घेतो पण मी हललो नाही.

डाव्या हाताचा चिखल ७० टक्के गेला. ब्लूजमध्ये एक पट्टी खाली एक पट्टी वर हे इतकं सोपं निघेल वाटलं नव्हतं. दोन आणि चारवरचा टिक अजून पळतो, त्याला वेळ लागेल.

फक्त एक अडलंय. बिल इव्हान्सच्या सोलोला मी परत हरवतो. पहिला ब्रिज बरोबर येतो, मागे हॉर्न्स (ट्रंपेट आणि सॅक्स) तेच दोन स्वरांचं उत्तर देत असतात तेही कळतं, पण दुसऱ्या आवर्तनाचा ब्रिज येतच नाही. पाच-सहा वेळा मोजलं, दर वेळी माझी बोटं कुठेतरी भलतीकडेच. काय चुकतंय?

कानसेन

काही चुकत नाहीये. बाकी तिघांची दोन-दोन आहेत, इव्हान्सचं एकच आवर्तन आहे.

चुकलेली_सम

अरे देवा.