विदर्भात घर बांधताय? मार्जिनची जागा घराच्या आत घ्या, चौक काढा

वऱ्हाडी_वीट
अकोल्यापासून चंद्रपूरपर्यंत कुठल्याही नव्या लेआउटमध्ये जा. ३० बाय ५० फुटांचा प्लॉट, कडेनं मार्जिन म्हणजे नियमानं मोकळी सोडलेली पट्टी, मधोमध घराचा ठोकळा आणि वर दिवसभर तापणारा स्लॅब. बाजूचं मार्जिन ३ फुटांचं धरलं तरी ५० फूट लांबीत १५० चौरस फूट जागा जाते. तिथं असतं काय? कूलरचा स्टँड, गटाराचं चेंबर आणि उरलेल्या फरश्यांचा ढीग. खिडकी उघडली की समोर शेजाऱ्याची भिंत.

माझं म्हणणं असं की घरं एकमेकांना चिकटून बांधा आणि तेवढीच जागा आत घ्या. १० बाय १५ फुटांचा चौक, म्हणजे घराच्या मधलं उघडं अंगण, निघतो. घरं जोडून असली की दोन्ही लांब भिंतींवर ऊन पडतच नाही, हा अर्धा फायदा. उरलेला अर्धा रात्री मिळतो. चौकाची फरशी उघड्या आकाशाखाली निवते, गार हवा जड म्हणून खाली साचते आणि ओसरीतून खोल्यांत शिरते. यासाठी दिवस आणि रात्रीच्या तापमानात मोठा फरक लागतो. मे महिन्यात आपल्याकडे तो १५ अंशांच्या आसपास असतो, मुंबईत त्याच्या निम्म्यावर. म्हणून हा सल्ला कोकणातल्यांसाठी नाही.

साइटवरचा_माणूस
वाड्यात चौक चालायचा, कारण भिंत दोन-दोन फुटांची आणि वर मातीचं धाबं. आज लोक आतल्या भिंती ४ इंची घालतात. चौक काढला की याच भिंती उघड्यावर येतात. म्हणजे ऊन खाणारी भिंत तुम्ही वाढवलीत, कमी नाही केलीत.

दुसरं, अकोला साधारण २०.७ अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास तिथं दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. ‘खोल चौकात सावली असते’ हे राजस्थानातल्या हवेल्यांचे फोटो बघून म्हणायला ठीक आहे. ज्या दिवसांत गरज, त्याच दिवसांत भर दुपारी तुमच्या चौकात सावली नाही. त्यापेक्षा गच्चीवर चायना मोझॅक (पांढऱ्या टाइल्सचे तुकडे) बसवा किंवा दरवर्षी चुन्याचा हात द्या, पश्चिमेची भिंत ९ इंची करा, खिडक्यांना नीट छज्जा काढा.

वऱ्हाडी_वीट
सूर्य डोक्यावर असतो तेव्हा ऊन फरशीवर पडतं, भिंतीवर नाही. भिंतीला त्रास दहा वाजताच्या आणि तीन वाजताच्या उन्हाचा, आणि तो ओसरी अडवते. ओसरीला वेगळी जागा लागत नाही. आज घराच्या पोटात दिवसाही दिवा लावावा लागतो असा जो पॅसेज असतो, तोच चौकाच्या कडेला आणायचा. उन्हाळ्यात वर हिरवी जाळी, पण सरकणारी: दिवसा ओढायची, दिवेलागणीला उघडायची. रात्रीही ओढलेली ठेवली तर आकाशच झाकलं, मग चौक कशाला काढला? चौकाकडच्या भिंती ९ इंची हव्यात, हे गृहीतच आहे.

आणि कूलर! बाहेरच्या खिडकीतला कूलर खोली तेव्हाच गार करतो जेव्हा हवेला पलीकडून निघायला वाट असते. आपण सगळं बंद करून बसतो आणि पाण्याला दोष देतो.

पूर्णाकाठचा
राजेहो, माकडाईचं काय? वरून उतरले का सैपाकघर साफ. ग्रिल लावा तं कबुतरं. आन् पावसाळ्यात पाल्यानं मोरी तुंबली का पाणी डायरेक्ट घरात. आमच्या मामाच्या वाड्यात बुढी अर्ध्या रात्री खराटा घेऊन उभी राहे. आता दोघंबी ड्युटीवर, कोन उभं राह्यते?

नवी_मुंबईकर
हा प्रयोग होऊन गेलाय. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात नवी मुंबईतल्या बेलापूरला सात-सात घरांमध्ये ८ बाय ८ मीटरचं सामायिक अंगण दिलं, शिवाय प्रत्येकाला स्वतःचं थोडं मोकळं. आज जाऊन बघा. बरीच मूळ घरं पाडून वर मजले चढलेत. चार पैसे आले की माणूस मोकळ्या जागेवर खोलीच काढतो. तुमचा चौकही मुलाच्या लग्नापर्यंतच टिकेल.

वऱ्हाडी_वीट
सामायिक अंगणं मात्र राहिली, हेही सांगा की. आणि बेलापूरची हवा दमट, तिथं उकाड्याचा हिशेबच वेगळा. आपल्याला जवळचं उदाहरण इंदूरचं अरण्य. वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींनी १९८०च्या दशकात आखलेली वसाहत. सगळ्यात लहान प्लॉट ३५ चौरस मीटरचे. गरिबांना जोतं, संडास आणि नळ एवढंच दिलं, घर ज्याचं त्यानं वाढवलं. घरं जोडून, मागं लहानसं अंगण.

कुडाची_भिंत
वाड्यांचे उमाळे जरा आवरा. गावात चौकाचं घर होतं पाटील-देशमुखांचं. त्यांच्या शेतात राबणारे एका खणात राहायचे, चौकात यायची मुभाही सगळ्यांना नव्हती. आणि आज ऊन लागतं ते टिनाखाली राहणाऱ्याला. ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, त्यात कसला चौक काढता?

वऱ्हाडी_वीट
एकट्या घरकुलात नाही निघणार. सहा-सात घरकुलांच्या मधे एक अंगण निघेल. उन्हाळ्यात लोक खाटा बाहेर टाकतातच, आज रस्त्याच्या कडेला टाकतात.

साइटवरचा_माणूस
ते घरकुलांचं पटतं, कारण ती एकदम बांधता येतात. सुट्या प्लॉटांचं सांगा. जोडून बांधायला रो-हाउसची सोय नियमांत आहेच, परवानगीचं रडगाणं नको. तुम्ही यंदा बांधणार, शेजारी पाच वर्षांनी. तोवर तुमची ५० फुटांची बिनखिडकीची भिंत उन्हात उभी. मग तो तुमच्या भिंतीला लागून पाया खोदणार, तडा गेला की पोलीस स्टेशन. अख्खी रांग एका हातानं उठणार असेल तर मी स्वतः नकाशा काढून देतो. आपल्याकडं लेआउट पाडणारा प्लॉट विकून मोकळा होतो, त्याला तुमच्या चौकाशी काय देणंघेणं?