सिंगापूर ते न्यूयॉर्क: हवाई अंतर ५,३२० किमी कसं येतंय?

प्रश्न: सिंगापूरचा चांगी विमानतळ (अक्षांश १.३६, रेखांश १०३.९९) ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ (४०.६४, ७३.७८) हे अंतर एक्सेलमध्ये काढलं तर ५,३२० किमी येतंय. अंश रेडियनमध्ये बदलून घेतलेत, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी. कुठे चुकतंय?

उत्तर १: न्यूयॉर्क पश्चिमेला आहे, रेखांश उणे ७३.७८ घ्या. उणे चिन्ह लावायचं विसरलं की विमानतळ थेट मध्य आशियात जाऊन बसतो! रेखांशांतला फरक ३०.२१ नव्हे, १७७.७७ अंश. पृथ्वीच्या केंद्राशी दोन विमानतळांमधला कोन १३७.९५ अंश येईल, गुणिले १११.२ (एका अंशाचे किमी), म्हणजे सुमारे १५,३४० किमी. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्याने थोडाफार फरक पडतो, तो चालायचाच.

उत्तर २: नॉटिकल मैल हवे असतील तर १.८५२ ने भागा, ८,२८३ येतात.

उत्तर ३: या आकड्यावरून उड्डाणाचा वेळ मात्र काढू नका. सर्वांत जवळची रेषा उत्तर ध्रुवाजवळून जाते, पण न्यूयॉर्कला जाताना विमान बऱ्याचदा पॅसिफिकवरून नेतात, कारण तिथे पश्चिमेचा जोरदार वारा पाठीशी मिळतो. किलोमीटर वाढतात, तरी इंधन वाचतं. म्हणूनच इथे ए३५०-९०० यूएलआर हे अतिलांब पल्ल्याचं एअरबस विमान वापरतात. त्याचा पल्ला १८,००० किमी आहे.