मदत हवी आहे: गुरुपौर्णिमेची ऑनलाइन मैफल, तमाशा कलावंतांसाठी

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात संगीतात एम.ए. करते, विषय गायन, दुसरं वर्ष. आमचा अकरा जणांचा गट आहे. कोरोनामुळे वर्ग बंद झाल्यापासून सगळे आपापल्या गावी: कुणी लातूरला, कुणी सांगलीत, दोघी कोकणात. दरवर्षी गुरुपौर्णिमेला आम्ही गुरुजींसमोर गाऊन-वाजवून हजेरी लावतो. यंदा (२०२१) २४ जुलैला, शनिवारी, ती ऑनलाइन लावायची आणि त्यातून जमतील ते पैसे तमाशाच्या फडातल्या कलावंतांना द्यायचे असं ठरवलं आहे. हातात दीड महिना आहे. दोन-तीन ठिकाणी अडलो आहोत, म्हणून हा धागा.

तमाशाच का, तर आमच्या तबलजीचे मामा पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावच्या एका फडात ढोलकी वाजवतात. फड दसऱ्याला बाहेर पडतात, पण वर्षाची खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या गावजत्रांवर. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची माणसं येऊन सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं काम आणि मोबदला, ठरवतात. गेल्या वर्षी टाळेबंदी लागली २५ मार्चला, म्हणजे नेमकी पाडव्याला. यंदा पाडवा १३ एप्रिलला होता आणि १४ च्या रात्रीपासून संचारबंदी. मधे नोव्हेंबरात नाट्यगृहं निम्म्या क्षमतेनं उघडली, पण त्याचा जत्रांना काय उपयोग? लागोपाठ दोन हंगाम गेले. मामा सध्या टोमॅटोच्या बाजारात क्रेट उचलतात. भाच्यानं फोनवर एक ठेका विचारला, तर त्यांनी तोंडानं बोल म्हणून दाखवले. ढोलकी कित्येक महिने खोळीतच आहे म्हणाले.

आता अडचणी.

पहिली गाण्यातलीच. झूमवर एकत्र वाजवून पाहिलं आणि सगळेच हिरमुसलो. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे मंचावर साडेतीन मीटरवर बसलेल्या तबलजीचा आवाज गायकाला १० मिलिसेकंदांत ऐकू येतो. पंचवीस-तीस मिलिसेकंदांपर्यंत माणूस नकळत सांभाळून घेतो. आमच्याकडे मोबाइलच्या नेटवर त्याच्या कितीतरी पट उशीर होतो. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, निभावेल असं वाटलं होतं. पण मुखडा घेऊन समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यावं आणि तिथला ‘धिं’ मागाहून ऐकू यावा, की गळा तिथेच बिचकतो. शिवाय दोघं एकमेकांसाठी थांबतात, त्यामुळे लय प्रत्येक आवर्तनाला खाली जाते. तानपुऱ्याला तर झूम गोंगाट समजून कापतं. ‘ओरिजिनल साउंड’ चालू केल्यावर तो राहिला. जामुलस आणि जॅकट्रिप ही सॉफ्टवेअरं अशा कामासाठीच आहेत, पण दोन्हींना वायरनं जोडलेलं चांगलं नेट लागतं आणि ते आमच्यात फक्त दोघांकडे आहे.

म्हणून आधी ध्वनिमुद्रण करायचं ठरतंय. तबलजी ठेका पाठवणार, गायक हेडफोनवर ऐकत गाणार, मग तबलजी ते गाणं ऐकून आपला तबला पुन्हा नव्यानं वाजवणार. नुसत्या पहिल्या ठेक्यावर गायलेलं फार कोरडं वाटलं. गायकाच्या उपजेला, म्हणजे आयत्या वेळी सुचलेल्या जागेला, उत्तरच मिळत नाही. अशा पद्धतीनं कुणी ख्याल केला आहे का? हार्मोनियम कोणत्या फेरीत घ्यावी? आणि हे आधी मुद्रित केलेलं आहे, हे श्रोत्यांना आम्ही सुरुवातीलाच सांगणार आहोत.

दुसरी अडचण पैशांची. आमचा गट नोंदणीकृत नाही. गणेश मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ सी ची परवानगी काढावी लागते, तशी आम्हीही काढावी, की एखाद्या नोंदणीकृत न्यासाच्या खात्यातच पैसे घ्यावेत? मैत्रिणीच्या खाजगी यूपीआयवर गोळा करायला माझं मन तयार नाही, हिशेब दाखवता आला तरी. परदेशातले नातेवाईकही विचारत आहेत. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय देणगीत धरत नाहीत. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्यांची धरतात. त्यामुळे तूर्त त्यांना नको म्हणतोय.

सगळ्यात जास्त घोळ तिसऱ्या गोष्टीवर आहे. मामांना बेत सांगितला तेव्हा ते म्हणाले, “शिधा दिला लोकांनी, उपकार आहेत. पण पोरांनो, जमलं तर सुपारी द्या.” तेव्हापासून कार्यक्रमाचा आराखडाच बदलला. आता शेवटची पंचवीस मिनिटं फडातल्या सात-आठ जणांची, गण आणि गवळण, आणि त्याची बिदागी आधीच हातात. ती देणग्यांवर अवलंबून राहू नये म्हणून आम्ही प्रत्येकी हजार रुपये काढले आहेत. त्यापुढे जे जमेल ते इतरांना.

पण ते कुणाच्या हाती द्यायचं? कलावंत हंगामाआधी फडमालकाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतात, मालक स्वतः कर्ज काढून फड उभा करतो. मालकाला दिले तर पैसे व्याजात जातील, थेट कलावंतांना दिले तर उद्या त्यांच्या-मालकाच्या संबंधात आम्ही लुडबूड केल्यासारखं होईल. आणि यादीत फक्त नाचणारे-गाणारे येतात. तंबू ठोकणारे, गाडी चालवणारे, स्वयंपाक करणारे राहून जातात. फडाशी जवळून संबंध असलेलं कुणी इथे असेल तर कृपया सविस्तर लिहा. अशी वाटणी कुणी केली असेल, तर ती कशी केली?

ताजी भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. थेट खात्यात, पण मालकांना आधी भेटून, त्यांच्यासमोर यादी करून, हे पटलं. आम्ही दोघं येत्या रविवारी नारायणगावला जातोय. गाडीचालक आणि बिगारीही यादीत घेणार. परवानगीबद्दल एका वकील काकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

एक राहिलं. गण-गवळणीचं मुद्रण तिथेच, एका शाळेच्या वर्गात करणार आहोत. पत्र्याचं छप्पर आहे. फोनवर ढोलकीची थाप फाटते, हलगी तर विचारूच नका, आणि त्यात तुणतुणं ऐकूच येत नाही. दोन माइक उसने मिळतील. ते कुठे ठेवावेत?