पॉवर विंडोची मोटर टोकाला गेली की आपोआप थांबवायची आहे, लवकर सांगा

बांधावरचा_बंड्या
नमस्कार मंडळी. पॉवर विंडोची मोटर आहे. एक बटण दाबलं की वर, दुसरं दाबलं की खाली, इथवर झकास. पण टोकाला पोचली की थांबत नाही, नुसती घुं घुं करत तापते. काल फ्यूज उडाला. समोर माणूस उभा न करता ती आपली आपण थांबली पाहिजे. आर्डुइनो (प्रोग्राम लिहून चालवायचा छोटा बोर्ड) वगैरे नको, परवापर्यंत बसवायचंय. यूट्यूब पाहून झालंय, लिंका टाकू नका.

मावळता_दिनकर
गाडी कोणती? मॉडेल आणि साल? मध्यंतरी बॅटरी काढली होती का? बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढली की काचेचं वरचं टोक सिस्टिम विसरते. काच पूर्ण वर नेऊन बटण तसंच काही सेकंद ओढून धरायचं, परत शिकते. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तकात असते.

कट्टेकरी
रबरात धूळ बसली असणार. सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस अजिबात लावू नका, माती धरतं. आमच्याकडे हेच झालं होतं.

बांधावरचा_बंड्या
मधेच गाडी कुठून आली? मोटर गाडीची आहे, गाडी नाही. भंगारवाल्याकडून आणलीय. काचही नाही.

अनुस्वार
काच नाही, गाडी नाही, मग वरखाली काय जातंय? मोटरला तारा किती, दोन की जास्त? सप्लाय काय? बटणं थेट मोटरला आहेत की मधे रिले (बारीक करंटनं मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच)? एवढं कळल्याशिवाय सांगणं म्हणजे अंधारात दगड.

बांधावरचा_बंड्या
रोपवाटिकेचा बाजूचा प्लास्टिक पडदा आहे. नारायणगावजवळ, टोमॅटोची रोपं. ऊन चढलं की पडदा वर, संध्याकाळी खाली. आधी हँडलनं फिरवायचो. तारा दोनच. १२ व्होल्टची बॅटरी, सोलरवर चार्ज होते. आता सांगा.

इंजि_नाना
करंट मोजा, विषय संपला. मोकळी फिरताना अशी मोटर थोडेच अँपिअर घेते, अडली की तोच आकडा कित्येक पट होतो. एसीएस७१२ सेन्सर लावा, ३० अँपिअरवाला. तो अँपिअरमागे ६६ मिलिव्होल्ट देतो. मर्यादेपुढे गेलं की तोडा. सुरू होतानाही करंट उसळतो, त्यामुळे पहिला पाव-अर्धा सेकंद वाचन सोडून द्या. ऑटो काचेच्या काही गाड्याही हेच करतात.

ढोलीतला_पोपट
नाना, त्याला आर्डुइनो नकोय.

इंजि_नाना
आर्डुइनो कोण म्हणालं? कम्पॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) आणि मर्यादा ठरवायला एक पोटेंशिओमीटर (फिरवायची खुंटी). डिप्लोमाची पोरं करतात.

खटपट्या
टायमर लावा हो. वर जायला जितका वेळ लागतो तितका सेट करा. शंभर भानगडी कशाला?

अनुस्वार
टायमर इथे चालणार नाही. भर उन्हात बॅटरी चार्जिंगवर असते तेव्हा मोटर जोरात फिरते, संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की सावकाश. रोज थोडी थोडी चूक साठत जाणार आणि आठवड्यात पडदा भलतीकडेच थांबणार.

मावळता_दिनकर
या मोटरींच्या आत बहुधा थर्मल कटआउट असतो. तापली की स्वतः बंद पडते. काहीच करू नका.

अनुस्वार
दिनकरराव, तो मोटर जळू नये म्हणून असतो, रोज थांबवायला नाही. थंड झाली की पुन्हा चालू होते. बटण तसंच राहिलं तर दिवसभर तेच.

शेडनेटवाली
आमच्याकडे जरबेराला गुंडाळीचे पडदे आहेत म्हणून सांगते. नानांचा करंटचा उपाय वरच्या टोकाला चालेल, खाली नाही. खाली पडदा पूर्ण उलगडला की मोटर अडतच नाही. पाईप फिरत राहतो आणि पडदा उलट्या बाजूनं गुंडाळत परत वर चढायला लागतो! करंट वाढायचं कारणच नाही. खालच्या टोकाला जागा ओळखणारा स्विचच हवा. बंड्याभाऊ, तुमची मोटर एका जागी पक्की आहे की पाईपबरोबर वर सरकते?

बांधावरचा_बंड्या
ताई, अगदी हेच होतं! खाली गेल्यावर उलटा गुंडाळतो, मग माझं डोकं फिरतं. मोटर पाईपच्या टोकाला आहे, उभ्या गाईड पाईपवरून तीही वरखाली सरकते.

शेडनेटवाली
मग सोपं आहे. गाईड पाईपवर वर एक आणि खाली एक लिमिट स्विच, म्हणजे टेकलं की करंट तोडणारा छोटा स्विच, क्लॅम्पनं बसवा. मोटरची पट्टी त्यावर जाऊन टेकेल. खालचा जमिनीपासून वीतभर वर आणि डबीत घ्या. चिखल आणि फवारणीचं पाणी त्याला खातं.

इंजि_नाना
खाली सॉफ्टवेअरनं वेळ मोजता येईल…

ढोलीतला_पोपट
आलं सॉफ्टवेअर.

बांधावरचा_बंड्या
लिमिट स्विच म्हणून तालुक्याहून दोन मायक्रोस्विच आणले. वरचा मोटरच्या तारेत जोडला. वर गेला, टक्क करून थांबला. पण आता खालीच येत नाही. खालचं बटण दाबलं तरी मेलं. तार काढून थेट लावली तर येतो. स्विच खराब निघाला का?

खटपट्या
डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा) कुठाय? स्विच उघडला की तार दोन्ही दिशांना तुटते, परत येणार कशी? स्विचच्या दोन टोकांवर डायोड टाका, उलट्या दिशेचा करंट त्यातून जाईल. वर जाताना ज्या तारेत प्लस असतो तिच्यात वरचा स्विच, खाली येताना ज्या तारेत प्लस असतो तिच्यात खालचा. दोन्ही डायोडची पांढरी पट्टी सप्लायच्या बाजूला, मोटरच्या नाही. ६ए१० नंबरचा डायोड घ्या. १एन४००७ नको, तो एका अँपिअरचा, फट्कन जाईल. पुण्यात तपकीर गल्लीत कुठेही मिळेल.

कट्टेकरी
तपकीर गल्लीत आता पूर्वीची मजा नाही. लॅमिंग्टन रोडला जा. तिथलं तळघरातलं एक दुकान…

अनुस्वार
मुंबईला जाऊन डायोड आणेपर्यंत टोमॅटो लागतील रोपांना. माझा मूळ प्रश्न अजून लोंबकळतोय: मधे रिले आहेत का?

बांधावरचा_बंड्या
आहेत की. दोन. शेडमध्येच, मोटरजवळ. घरापासून फक्त बटणांची बारीक वायर आणलीय. ते सांगायचं काय त्यात?

अनुस्वार
त्यातच सगळं आहे! डायोड लागतच नाही. मोटरच्या तारेतून स्विच काढा. वर नेणाऱ्या रिलेच्या कॉइलला (आतलं वेटोळं, त्यात करंट गेला की रिले लागतो) जी बटणाची वायर जाते, तिच्यात वरचा स्विच घाला, कॉमन आणि एनसी (स्विच दाबलेला नसताना कॉमनला जोडलेलं) या टोकांवर. खालच्या रिलेच्या कॉइलला खालचा. वर टेकला की फक्त वरची कॉइल तुटते. खालचा रिले मोकळाच असतो, त्यामुळे परत येतो. शिवाय कॉइल एका अँपिअरचाही फार छोटा भाग घेते. मोटरचा डीसी करंट रोज मायक्रोस्विचवर तोडला तर ठिणगीनं कॉन्टॅक्ट करपतात. स्विचवर छापलेले १५ अँपिअर एसीचे असतात, डीसीला ते धरायचे नाहीत.

खटपट्या
डायोडवाली पद्धत चुकीची नाहीये. मी गेटला लावलीय, मस्त चालते.

अनुस्वार
चुकीची कोण म्हणतंय? रिले नसतील, थेट दोन बाजूंचं बटण असेल, तर तुमचीच पद्धत बरोबर.

शेडनेटवाली
फ्यूज मात्र काढू नका. वाऱ्यानं पट्टी वाकली आणि स्विचवर टेकलीच नाही, तर शेवटी तोच वाचवतो. आणि उडाला म्हणून मोठा घालू नका.

बांधावरचा_बंड्या
कॉइलच्या वायरीत घातले. चाललं! वर थांबतो, खाली थांबतो, परतही येतो. करंट तुटल्यावर मोटर किंचित पुढे सरकते, म्हणून खालचा स्विच अजून थोडा वर घेतला. आता दुसऱ्या बाजूचा पडदा. तिथे पाईप लांब आहे, हीच मोटर उचलेल का?

अनुस्वार
लांबी किती? पाईप किती जाड, साधा लोखंडी की जीआय (जस्त चढवलेला)? मोटर किती तापते?

मावळता_दिनकर
मधे घुसतो. आमच्या दुकानाच्या शटरला २३० व्होल्टची मोटर आहे, तिलाही डायोड टाकून चालेल का?

खटपट्या
नाही! एसीत डायोड टाकू नका, त्यातून अर्धी लाट जातच राहील. नळीत बसणारी शटरची मोटर असेल तर तिच्यात टोकं ठरवायचे स्क्रू असतात, ते फिरवा. वेगळा धागा काढा.

बांधावरचा_बंड्या
लांबी उद्या टेप लावून सांगतो.